लिओनेल अरूदाला खांदा देणारे

जेर्मानो पाशेको तीस-एकतीस वर्षं पोलिसात होता, पण त्याच्या बाहीवर फीत काही चढली नाही. शिपाई म्हणून लागला आणि शिपाई म्हणूनच सुटला. तरी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोनामेट गावच्या ठाण्यात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला कॅप्टनच्या आधी जेर्मानोकडे नेत. "हा जेर्मानो. तू आजारी पडलास की हा येणार. नको म्हणालास तरी येणार."

युनियनमध्ये त्याच्याकडे तेवढंच काम होतं. आजारी सभासद आणि निवृत्त झालेले म्हातारे, यांना जाऊन भेटायचं. या कामाला ना मान होता ना मत. अध्यक्ष बदलत, खजिनदार बदलत, जेर्मानो मात्र दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून आपलं अवजड शरीर सावरत, काखेत गोड पावाची पिशवी धरून चाललेला असे. पाव रोग्यासाठी म्हणून न्यायचा आणि बोलता बोलता अर्धा स्वतःच संपवायचा. रोगी हसायचा. तेच औषध, असं त्याचं म्हणणं.

मी ओडिलिया. कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसायचे. गावातल्या सगळ्या गाड्यांना मी आवाजावरून ओळखत होते, आणि आवाजावरून हेही कळायचं की कोणाचं आज काय बिनसलंय. जेर्मानोचा आवाज बिनसलेला मी क्वचितच ऐकला. आमच्या दोघांचीही घरं मूळची पोर्तुगालच्या साऊ मिगेल बेटावरची. त्याला नवव्या वर्षी इकडे आणलं. बाप कापडगिरणीत, आई पडदे शिवायच्या कारखान्यात. पोराने गिरणीत जाऊ नये एवढंच आईला वाटत होतं, म्हणून ती त्याला हाताला धरून पोलीसभरतीला घेऊन गेली. तेव्हा आमच्या माणसांना भरती करून घेत, पण वर चढू देत नसत. वरच्या खुर्च्यांवर आयरिश घरांतले. त्याबद्दल जेर्मानोची काही तक्रार नव्हती. "वर गेलो असतो तर जिने चढावे लागले असते," म्हणायचा.

युनियन मात्र त्याचं माहेर होतं. त्याचं कारण जुनं होतं. एका हिवाळ्यात गाडी थांबवून कागद बघताना आमच्या एका तरुण शिपायाला गोळी लागली. तो वाचला, पण पुन्हा चालला नाही. तेव्हा गोळी अडवणारी जाकिटं गावाने घेतली नव्हती, पैसे नाहीत म्हणून. जेर्मानो ड्युटी संपली की युनियनचा फलक घेऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहायचा. बर्फ पडत असला तरी. एकदा महापौर स्वतः बाहेर आले.

"पाशेको, घरी जा बाबा. न्यूमोनिया होईल तुला."

"होऊ दे साहेब. न्यूमोनियाला जाकीट लागत नाही."

वसंत येईपर्यंत जाकिटं आली. तेव्हापासून त्याची खात्रीच झाली होती की जगात कोणी नसलं तरी युनियन असते.

आता लिओनेल अरूदाबद्दल सांगते. लिओनेल सार्जंट होता. आमच्यातून वर चढलेल्या थोडक्यांतला एक. जेर्मानोच्या अगदी उलट. सडपातळ, कमी बोलणारा, इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. त्याला बेटावरची पोर्तुगीज बेटावरच्या माणसासारखी यायची, आणि तेच त्याला भोवलं. गावात मासेमारीची बोट परत आली नाही, कोणाचं पोर धक्क्यावरून पडलं, कोणाचा नवरा कारखान्यात यंत्रात सापडला, की कॅप्टन म्हणायचा, "अरूदाला पाठवा." मग लिओनेल टोपी काखेत घेऊन दार वाजवायचा आणि सांगायचा. वर्षानुवर्षं त्यानेच सांगितलं. असं झालं होतं की त्याची गाडी गल्लीत शिरली की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत तो बेकरीत गेला तरी बेकरीवाली म्हातारी हातातला पाव ठेवून छातीवर क्रूस काढायची. "सोळा पाव हवेत, दुसरं काही नाही," असं त्याला आधी सांगावं लागे.

ब्लॉसम स्ट्रीटला आग लागली त्या दिवशी लिओनेल आणि जेर्मानो दोघंही आत गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून तीन मुलं त्यांनी बाहेर आणली. त्यातलं एकही जगलं नाही. त्याबद्दल दोघंही पुढे कधी बोलले नाहीत. निदान मी तरी ऐकलं नाही.

लिओनेल निवृत्त झाला तो एका जूनमध्ये. पोर्तुगीज क्लबात जेवण झालं. युनियनचा अध्यक्ष ब्रेंडन केर्नी याने भाषण केलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. युनियनच्या मासिक पत्रकात फोटो छापून आला, खाली 'आता मजा करा, सार्जंट' असं.

पंधरवड्याने तो सकाळी ठाण्यावर आला. हातात मालासादांचा, आमच्याकडच्या तळलेल्या गोड पुऱ्यांचा खोका, घरच्या, गरम, साखर भुरभुरलेल्या. मागच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं. त्याने आकडे दाबले. दार उघडलं नाही. पुन्हा दाबले. मला वर कॅमेऱ्यात दिसत होतं, पण पुलावर दोन गाड्यांचा अपघात झाला होता आणि कानात तीन माणसं एकदम बोलत होती. तेवढ्यात एक नवीन पोरगा बाहेरून आला.

"काय काका, कोणाला भेटायचंय?" त्याने विचारलं.

"मी... हे द्यायचं होतं."

"मग पुढच्या दाराने या ना. खिडकीवर नाव लिहा, ते पास देतील."

पोरगा वाईट बोलला नाही. त्याने 'काका' म्हटलं, दार आपल्या अंगाने झाकून आकडे दाबले आणि आत गेला. कोणी निवृत्त झालं की आकडे बदलतात, एवढंच. मी खाली गेले तेव्हा खोका पायरीवर होता आणि लिओनेल गेला होता.

जेर्मानो त्याला दर रविवारी फोन करायचा. "बरं चाललंय," लिओनेल सांगायचा. "टोमॅटो लावलेत." पुढच्या रविवारी, "टोमॅटो आलेत." मग, "टोमॅटो संपले."

ऑक्टोबरच्या एका सोमवारी सकाळी त्याची बायको नातालिया बाजारातून घरी आली तेव्हा लिओनेल राहिला नव्हता. त्याने स्वतःच स्वतःला संपवलं होतं.

फोन माझ्याकडे आला. मी तिला म्हटलं, "दोना नातालिया, खाली बसा. बाहेर ओसरीवर बसा. मी माणूस पाठवते."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "कोणाला पाठवतेस, ओडिलिया? असल्या वेळी तर तुम्ही लिओनेललाच पाठवता ना?"

मी जेर्मानोला पाठवलं.

त्या आठवड्यात शुक्रवार हा जेर्मानोचाही शेवटचा दिवस होता. कागद भरून झाले होते. क्लबातलं जेवण नोव्हेंबरात ठरलं होतं, जूननंतर निवृत्त झालेल्या सात जणांचं एकत्र. आणि लिओनेलची अंत्ययात्रा ठरली शनिवारी. आमच्याकडे नियम असा की निवृत्तीची तारीख लागली की गणवेश अंगावर घालायचा नाही. म्हणजे शनिवारी जेर्मानो साध्या कपड्यांतला माणूस झाला असता. मंगळवारी सकाळी तो कचेरीत गेला आणि आपली तारीख आठवडाभर पुढे ढकलून आला.

"कशाला रे?" मी विचारलं.

"लिओनेलला गणवेशातल्या माणसांनी न्यायला हवं. सहा लागतात. एक झाला."

बाकीच्या पाचांसाठी तो ब्रेंडन केर्नीकडे गेला. युनियनची कचेरी लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली वाफेचं यंत्र चालू असलं की वरच्या जमिनीला ऊब लागायची. मीही सोबत गेले होते, कारण जेर्मानोला एकट्याने केर्नीशी नीट बोलता येत नसे. लगेच आवाज चढायचा.

"मानवंदना हवी," जेर्मानो म्हणाला. "सहा जण गणवेशात, पेटीवर झेंडा, बॅगपाइप. आणि ठाण्यासमोरच्या हुतात्म्यांच्या दगडावर नाव."

केर्नीने डोळे चोळले. तोही झोपलेला दिसत नव्हता. "जेर्मानो, नियम तुला माहीत आहे. कामावर असताना मरण आलं तर. आजाराने गेला तरी मी बोर्डाला समजावतो. पण असं..."

"असं म्हणजे कसं? कामानेच मेला तो."

"ते तुला वाटतं. मला वाटतं, तेही खरं. पण त्या दगडावर तिघांची नावं आहेत. काल रात्रीच मॉरीनचा फोन आला. तिचा नवरा बँकेच्या दारात गोळी लागून पडला, मुलं लहान होती. ती म्हणाली, ब्रेंडन, माझ्या नवऱ्याला मरायचंय का असं कोणी विचारलं नव्हतं. तिला मी काय सांगू?"

मॉरीनच्या घरीही जेर्मानो वर्षानुवर्षं पाव घेऊन गेला होता.

"आणि दुसरं," केर्नी म्हणाला, "आपण याला बॅगपाइप वाजवले तर बाकीच्या पोरांच्या डोक्यात काय जाईल?"

"त्यांच्या डोक्यात आत्ताच काय आहे ते तू कधी विचारलंस?"

"बुधवारी सभा आहे. तिथे मांड. सभेने हो म्हटलं तर मी स्वतः खांदा देईन."

बुधवारच्या सभेला हॉल भरला होता. एरवी कॉफीलासुद्धा माणसं येत नाहीत. आम्हा कंट्रोल रूमवाल्यांची युनियन वेगळी, म्हणून मी मागे, भिंतीला टेकून उभी. आधी नव्या कराराची बातमी झाली, मग बुटांच्या भत्त्यावर वाद झाला. लोक मुद्दाम लांबवत होते असं मला वाटलं. शेवटी केर्नीने जेर्मानोचं नाव घेतलं.

जेर्मानो उठला. त्याने आधी जे ठरवलं होतं ते बोलला, लिओनेलने किती वर्षं काय केलं ते. लोक खाली बघत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "चांगला माणूस होता, कोण नाही म्हणतंय? पण त्याने सोडून दिलं. आम्ही रोज उठून येतोच ना?"

जेर्मानो त्या बाजूला वळला. मला वाटलं आता चढणार आवाज. पण तो हळू झाला.

"ब्लॉसम स्ट्रीटच्या आगीनंतरची गोष्ट," तो म्हणाला. "दोन-तीन आठवडे गेले असतील. मी ड्युटीवरून सुटलो आणि गाडी घेऊन लाटा अडवायच्या बांधावर गेलो. घरी जायचं नव्हतं. कुठेच जायचं नव्हतं. पिस्तूल मांडीवर होतं. लिओनेलला कसं कळलं माहीत नाही. कोणी सांगितलंही नव्हतं. तो आला, दार उघडून शेजारी बसला. म्हणाला, 'जेर्मानो, मला भूक लागलीये.' बस, एवढंच. मग मला त्याने लिंग्विसाचं सॉसेज खायला नेलं. पुढे महिनाभर रोज नेलं. मी आज इथे उभा आहे तो त्यामुळे. आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायला कोणी नव्हतं. मी टोमॅटोच्या गोष्टी ऐकत होतो."

पहिल्या रांगेतल्या एका दांडग्या शिपायाने तोंडावर हात धरला होता. मला वाटलं, झालं, जिंकला.

हात वर करायला सांगितले. वर गेलेले हात बघून माझा जीव सुपाएवढा झाला. मग विरुद्धचे हात वर गेले. ते जास्त होते. खूप नाही, पण जास्त. त्या दांडग्या शिपायाने कुठल्याच बाजूला हात वर केला नाही.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं.

गुरुवारी सकाळी जेर्मानो कामावर आला तेव्हा कॅप्टनने त्याला आत बोलावलं. दार लावलं. सभेतलं बोलणं रात्रीतच वरपर्यंत पोचलं होतं. सेवेत असलेल्या शिपायाने सगळ्यांसमोर कबूल केलं की एकदा पिस्तूल मांडीवर घेऊन बसला होता. मग ठाण्याला काहीतरी करणं भाग होतं. "जेर्मानो, माझ्या हातात नाही. डॉक्टरने लिहून देईपर्यंत पिस्तूल आणि बिल्ला इथे ठेव. रजा धर."

"साहेब, मी आठवड्याने निवृत्त होतोय."

"माहीत आहे."

"शनिवारी गणवेश..."

"रजेवर असताना नाही चालत."

तो कंट्रोल रूममध्ये वर आला. त्याच्या पट्ट्यावर पिस्तुलाची जागा रिकामी होती, त्यामुळे पँट एका बाजूने वर गेली होती. मी हेडफोन काढला.

"ओडिलिया," तो म्हणाला, "तिथे बसलेली चार-पाच पोरं तरी काल माझ्याकडे अशी बघत होती... त्यांना बोलायचं होतं. मला दिसत होतं. आता ती कधी बोलणार नाहीत." आणि मग तो माझ्या खुर्चीशेजारी भिंतीला धरून उभा राहिला. रडला नाही. श्वास मात्र जोरजोरात घेत होता, जिने चढून आल्यासारखा.

संध्याकाळी केर्नी त्याच्या घरी गेला. मी तिथेच होते, कारण जेर्मानोची बायको वारल्यापासून त्याच्या घरी सूप करणारं कोणी नव्हतं आणि त्या दिवशी त्याला एकटं सोडावंसं मला वाटेना. केर्नीने टेबलावर कागद ठेवले.

"हा अन्याय आहे," तो म्हणाला. "सभेत बोललेलं बाहेर गेलंच कसं? युनियन तुझ्यासाठी लढेल. वकील देतो. तू फक्त सही कर."

जेर्मानो सुपात पाव बुडवत राहिला. "शनिवारपर्यंत गणवेश मिळेल?"

"नाही. महिना-दोन महिने जातील."

"मग लढून काय करू?"

"तुझं नाव आहे रे! डाग लागून जायचंय का तुला?"

"ब्रेंडन, तू माझ्यासाठी वकील आणतोस. त्याच्यासाठी तुला फक्त पेटीचं एक टोक धरायचं होतं."

केर्नी उभा राहिला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "माझ्यासाठी सोपं होतं असं वाटतं तुला? माझं मत कुठल्या बाजूने होतं ते विचारलंस तरी का? अध्यक्षाला हात वर करता येत नाही!" त्याने कागद तिथेच ठेवले आणि गेला. जेर्मानोने सही केली नाही.

शनिवारी साऊ जुझे चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली. पूर्वी असं मरण आलेल्याला चर्च दारात घेत नसे, आमच्या आजीच्या वेळी कुंपणाबाहेर पुरत. आता पाद्री स्वतः दारात येऊन उभा होता. चर्चने जे कधीच सोडून दिलं होतं ते युनियनने धरून ठेवलं होतं.

जेर्मानो तपकिरी सूट घालून आला. बायकोच्या दफनाच्या वेळचा, पोटावर बटण लागत नव्हतं. ठाण्यावरून आणखी पाच-सहा जण आले, सगळे साध्या कपड्यांत, आणि चर्चच्या आत न बसता मागे उभे राहिले. रस्त्याच्या पलीकडे एक गस्तीची गाडी होती. आत कोण होतं ते मी सांगणार नाही, त्याला अजून नोकरी करायची आहे. पेटी आली तेव्हा त्याने बाहेर येऊन टोपी काढली.

मागे उभे असलेल्यांतलं कोणी पुढे येईना, खांदा देणारे कमी पडत होते. नातालियाचा भाऊ, जेर्मानो, आणि एक पुतण्या. तेवढ्यात बाजूच्या दाराने पवित्र आत्म्याच्या बिरादरीची माणसं आली, लाल झगे घालून, मिरवणुकीला घालतात तसे. लिओनेल त्यांच्यातला होता, दर वर्षी सणाला सूप वाढायचा. बहुतेक कोळी. पुढे म्हातारा झेफेरीनो होता. त्याच्या दोन्ही मुलांची बोट बुडाल्याची खबर लिओनेलनेच त्याच्या दारी नेली होती. म्हाताऱ्याने पेटीची पुढची कडी धरली. कोणी सांगितलं, "बाबा, तुम्हाला झेपणार नाही."

"त्याला झेपलं होतं ना, माझ्या दारात?" झेफेरीनो म्हणाला.

त्यांच्याकडे एक झगा जास्तीचा होता. तो त्यांनी जेर्मानोच्या अंगावर टाकला. जेर्मानोने बिरादरी कधीच सोडली होती, वर्गणी भरायला विसरतो म्हणून. त्याने हात आत घातले. तपकिरी सूट झाकला गेला.

पायऱ्या उतरताना मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकाजवळ केर्नी होता, काळ्या कोटात. तो पुढे आला नाही. पण गेलाही नाही. दफनभूमीपर्यंत लोकांच्या मागे मागे चालत आला, आणि माती टाकायची वेळ आली तेव्हा रांगेत उभा राहिला. नातालियाने त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं असेल ती काही बोलेल. तिने त्याच्या तळव्यात मूठभर माती ठेवली, आणि ते त्याला जास्त लागलं असावं.

पुढचा शुक्रवार जेर्मानोच्या नोकरीचा शेवटचा ठरला. आमच्याकडे माणूस शेवटची पाळी संपवतो तेव्हा कंट्रोल रूममधून वायरलेसवर त्याचा क्रमांक पुकारतात, किती वर्षं सेवा केली ते सांगतात, आणि गाड्यांमधून बाकीचे एकेक करून निरोप देतात. मी कितीतरी जणांसाठी ते केलं आहे. जेर्मानो त्या दिवशी गाडीत नव्हता, घरी होता, त्याच्याजवळ वायरलेस नव्हता. तरी मी क्रमांक पुकारला. नियमात बसत होतं की नाही, ते विचारलं नाही. थोडा वेळ नुसती खरखर आली. मग एका गाडीतून एक आवाज म्हणाला, "निघा आता, म्हातारबाबा." दुसऱ्या गाडीतून कोणीतरी बटण दाबलं, पण बोललं नाही. ऐकणारा माणूस तिथे नव्हताच. नंतर मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोण होता तो, म्हातारबाबा म्हणणारा? त्यालाही एक दिवस व्हायचंय म्हणावं." पण डोळे पुसले.

नोव्हेंबरचं पत्रक आलं. निवृत्त सातांचे फोटो पहिल्या पानावर होते, त्यात जेर्मानो. शेवटच्या पानावर, करारातल्या वाढीच्या बातमीखाली, एक ओळ होती. सार्जंट एल. अरूदा, निवृत्त, यांचे निधन. जेवणाला जेर्मानो गेला नाही. त्याचं घड्याळ कोणीतरी घरी आणून दिलं. ते त्याने भिंतीला लावलंही नाही आणि परतही केलं नाही.

त्या हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या ठाण्यातला आणखी एक गेला. लिओनेलसारखाच. पंचविशीतला होता, नुकतं मूल झालेलं. त्याचं नाव सांगत नाही, आई गावातच आहे. हा सेवेत होता, त्यामुळे प्रश्न वेगळा झाला. पुन्हा सभा भरली, आणि यावेळी फार बोलावं लागलं नाही. नियम बदलला. मानवंदना मिळाली, बॅगपाइप वाजले, सहा जण गणवेशात होते. दगडावर नाव आलं. आणि मॉरीन स्वतः त्या पोराच्या आईशेजारी बसली, तिचा हात धरून. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नियम मागच्यांना लागू नव्हता. लिओनेलचं नाव त्या दगडावर नाही. केर्नीने जेर्मानोला त्या सभेला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि मत झाल्यावर दोन शब्द बोल म्हणाला. जेर्मानो उठला, म्हणाला, "उशीर झाला," आणि खाली बसला. कोणी त्याचा राग धरला नाही.

नातालिया घर विकून बेटावर बहिणीकडे गेली. नाताळला तिचं कार्ड येतं. लिओनेलबद्दल त्यात काही नसतं, बागेबद्दल असतं.

जेर्मानोने बिरादरीच्या हॉलमधली मागची खोली मागून घेतली. बुधवारी दुपारी तिथे तो कॉफी करून बसतो. निवृत्त पोलिसांसाठी, आणि ज्यांना यावंसं वाटेल त्यांच्यासाठी. युनियनच्या पत्रकात त्याची दोन ओळींची सूचना येते. सुरुवातीला कितीतरी बुधवार तो एकटाच बसला. कॉफी करायची, ओतून द्यायची, भांडं विसळायचं. आता तीन-चार जण येतात. बोलतात ते मासे, गुडघे आणि जावई यांच्याबद्दल. कधीकधी एखादा मध्येच थांबतो, आणि मग बाकीचे खिडकीबाहेर बघत वाट पाहतात.

गेल्या वर्षी केर्नीही निवृत्त झाला. त्याचंही जेवण झालं, भाषणं झाली. बायकोने त्याला आधीच सोडलं होतं. एका बुधवारी तो आला, बेसबॉलवर तासभर बोलला, दोन कप कॉफी प्यायला, गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा आला. मग एका बुधवारी आला नाही. मी हॉलमध्येच होते, सणाच्या भांड्यांचा हिशेब लावत. जेर्मानोने दोनदा दाराकडे पाहिलं. फोन केला, कोणी उचलला नाही. त्याने कोट घातला.

"अरे, विसरला असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. "चल, गाडी तू चालव."

केर्नीच्या घराचे पडदे लावलेले होते. जेर्मानोने घंटा वाजवली. मग मुठीने दार वाजवलं. मग दोन्ही मुठींनी. "ब्रेंडन! ब्रेंडन, उघड!" शेजारीण बाहेर आली. मी मनात प्रार्थना म्हणायला लागले होते.

दार उघडलं. केर्नी आतल्या कपड्यांवर स्वेटर घालून उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मागे अंधार. तो आमच्याकडे बघत राहिला.

"काय आहे?"

जेर्मानोला बोलायला दम उरला नव्हता. त्याने चौकटीला हात टेकला.

"भूक लागलीये," तो म्हणाला.

केर्नी बूट शोधायला आत गेला. दार त्याने उघडंच ठेवलं.